अटलांटिस : सभेला जागा नसलेले नगर



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, ते आमचे सर इतिहास शिकवताना सुरुवात राजांच्या नावांपासून करत नसत. आधी फळ्यावर राजधानीचा नकाशा निघे. वाडा कुठे, बाजार कुठे, पाणी कुठून येते, वेस कोणत्या बाजूला आणि वेशीबाहेर कोणाची घरे. राजाने काय ठरवले हे लेखांत सापडते, पण कोणाच्या जिवावर ठरवले हे गल्लीबोळांवरून कळते, असा त्यांचा विश्वास होता. आज मी हीच रीत एका अशा नगराला लावून पाहणार आहे, जे या पृथ्वीवर कधीच नव्हते. ते एका माणसाने बसून रचले, मोजले, सजवले आणि बुडवले. ते नगर म्हणजे प्लेटोचे अटलांटिस.

'कधीच नव्हते' हे मी ठामपणे म्हणतो आहे. गेली काही शतके लोक अटलांटिस शोधत आहेत. सतराव्या शतकात ओलोफ रुडबेक या स्वीडिश विद्वानाने ते स्वीडनमध्ये असल्याचे सिद्ध करायला ग्रंथच्या ग्रंथ लिहिले. १८८२ मध्ये इग्नेशियस डॉनेली या अमेरिकन राजकारण्याने ते अटलांटिक महासागरात बुडालेले खरे खंड आहे आणि सगळ्या संस्कृती तिथूनच निघाल्या, असे प्रतिपादन केले. त्याचे पुस्तक अफाट खपले. १९६७ पासून स्पिरिडॉन मारिनाटोस यांनी थेरा बेटावर, म्हणजे आजच्या सॅंटोरिनीवर, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलेले अक्रोतिरी हे गाव उकरून काढले, तेव्हाही पुन्हा 'सापडले, सापडले' अशी हाकाटी झाली. अक्रोतिरी खरे आहे आणि फार सुंदर आहे. त्याच्या भिंतींवरची जहाजे आणि फुले पाहण्यासाठी त्याला अटलांटिसचा शिक्का मारण्याची काही गरज नाही. या शोधाशोधीत एक मोठे नुकसान झाले. लोक समुद्राचा तळ पाहत राहिले आणि प्लेटोने काढलेला नकाशा वाचायचा राहून गेला.

हा नकाशा दोन संवादांत आहे. 'टिमिअस'मध्ये गोष्टीचा सारांश येतो आणि 'क्रिटिअस'मध्ये तपशील. इजिप्तमधल्या साइस नगरातल्या पुजाऱ्यांनी अथेन्सच्या सोलोनला सांगितले, सोलोनकडून ते क्रिटिअसच्या घराण्यात आले, अशी ही सांगोवांगी आहे. नऊ हजार वर्षांपूर्वी जिब्राल्टरच्या पलीकडे एक बेट होते. त्याची सत्ता इजिप्तच्या आणि इटलीच्या सीमांपर्यंत पोचली होती. त्याने उरलेल्या जगावर स्वारी केली. त्या काळच्या अथेन्सने एकट्याने ती परतवली. मग भूकंप आणि पूर आले, आणि एका दिवसा-रात्रीत बेट समुद्राने गिळले. लोक सहसा विसरतात ती गोष्ट अशी, की त्याच दिवशी अथेन्सचे सगळे सैन्यही जमिनीने गिळले. जिंकणारेही वाचले नाहीत.

ऐकणाऱ्यांमध्ये कोण बसले आहे, हे प्लेटोने फार विचारपूर्वक ठरवले आहे. सॉक्रेटिस आहे, टिमिअस आहे, आणि हर्मोक्रेटिस आहे. हा हर्मोक्रेटिस सिसिलीतल्या सायराक्यूजचा पुढारी. इ.स.पू. ४१५ मध्ये अथेन्सने प्रचंड आरमार घेऊन सायराक्यूजवर स्वारी केली आणि ४१३ मध्ये ते आरमार तिथेच संपले. त्या वेळी सायराक्यूजच्या प्रतिकाराच्या आघाडीवर हा माणूस होता. समुद्रावरून चालून आलेल्या गर्विष्ठ नगराच्या नाशाची कथा चालू आहे आणि असा नाश स्वतः घडवून आणलेला माणूस समोर बसून ऐकतो आहे. प्लेटोच्या अथेनियन वाचकाला हे समजावून सांगावे लागले नसेल.

आता नकाशा.

समुद्रापासून नऊएक किलोमीटर आत, मैदानाच्या मधोमध एक बुटकी टेकडी होती. तिथे एव्हेनॉर आणि त्याची बायको लेउकिप्पी राहत. त्यांची मुलगी क्लेइटो. आईबाप गेल्यावर समुद्राचा देव पोसायडन तिच्या प्रेमात पडला आणि तिच्या टेकडीभोवती त्याने वर्तुळे कोरली : पाण्याची तीन, जमिनीची दोन, एकाआड एक. कातावर धरून कातल्यासारखी ती सगळीकडून सारख्या अंतरावर होती. हेतू एकच होता, तिथे कोणी माणूस पोचू नये. तेव्हा जहाजेही नव्हती आणि समुद्रप्रवासही नव्हता, असे प्लेटो मुद्दाम सांगतो. मधल्या बेटावर देवाने जमिनीखालून दोन झरे वर आणले, एक गरम पाण्याचा आणि एक थंड. क्लेइटोला पाच वेळा जुळे मुलगे झाले. दहा मुलगे, म्हणून दहा राजे. थोरला ॲटलास. त्याच्या नावावरून बेटाचे नाव पडले आणि समुद्राचेही.

मापे अशी. ग्रीकांचा एक स्टॅडियन म्हणजे साधारण १८० मीटर. मधले बेट पाच स्टॅडियन व्यासाचे, म्हणजे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला दहा-बारा मिनिटांत चालत जावे एवढे. त्याभोवती एक स्टॅडियन रुंद पाणी, मग दोन स्टॅडियन जमीन, तेवढेच पाणी, पुढे तीन स्टॅडियन जमीन आणि पुन्हा तेवढेच पाणी. सगळी वर्तुळे धरून व्यास पाच किलोमीटरच्याही आत राहतो. मूळ नगर एवढेसेच आहे, आणि ते बंद आहे.

पुढच्या पिढ्यांनी काय केले, ते प्लेटो क्रमाने सांगतो. पहिली गोष्ट, पूल. पाण्याच्या वर्तुळांवर पूल टाकून वाड्याला जायची वाट केली. दुसरी गोष्ट, कालवा. समुद्रापासून बाहेरच्या वर्तुळापर्यंत ५० स्टॅडियन लांब, ३०० फूट रुंद आणि १०० फूट खोल कालवा खणला. मोठ्यात मोठे जहाज त्यातून आत यावे हा उद्देश. तिसरी गोष्ट, जमिनीची वर्तुळे पुलांपाशी फोडून त्यांतून एक जहाज जाईल एवढी वाट काढली आणि वरून छत घातले. वर माणसांचा रस्ता, खाली जहाजांचा. दगड त्याच बेटाखालून आणि वर्तुळांखालून काढला : पांढरा, काळा आणि तांबडा. दगड काढून जी पोकळी झाली तिच्याच गोद्या केल्या, छताला मूळचाच खडक. बांधकामाची ही काटकसर वाचून कोणत्याही अभियंत्याला आनंद होईल. घरे काही एकरंगी, तर काही तिन्ही रंगांचे दगड मिसळून बांधलेली, नुसत्या डोळ्यांच्या सुखासाठी.

मग भिंती. बाहेरच्या वर्तुळाच्या तटाला पितळेचा लेप, आतल्या तटाला कथलाचा, आणि वाड्याच्या तटाला ओरिखाल्कोस नावाच्या धातूचा. हा धातू आगीसारखा झळकत असे आणि सोन्याखालोखाल मोलाचा होता. अशी रचना प्लेटोला हेरोडोटसच्या लेखनात आयती मिळाली असणार. मीड लोकांच्या एकबताना या राजधानीला एकात एक सात तट होते, त्यांच्या बुरुजांना वेगवेगळे रंग होते आणि शेवटचे दोन रुप्याचे नि सोन्याचे होते, असे हेरोडोटस सांगतो. ग्रीक वाचकाला हे वर्णन ऐकताच पूर्वेकडचा सम्राट आठवला असता.

सगळ्यात बाहेर आणखी एक तट आहे. तो समुद्रापासून सुरू होतो आणि मोठ्या वर्तुळापासून ५० स्टॅडियन अंतर राखून नगराला वेढा घालून परत येतो. त्या तटाच्या आत दाट वस्ती. कालवा आणि मोठे बंदर जहाजांनी आणि देशोदेशींच्या व्यापाऱ्यांनी भरलेले, आणि त्यांचा गलका दिवसरात्र चाललेला. एका मुलीला कोणी गाठू नये म्हणून देवाने जे नगर बंद केले होते, ते तिच्या वंशजांनी पूल बांधून, भगदाडे पाडून, कालवे खणून सगळ्या जगाला उघडे केले. मला वाटते, या नगराची नैतिक कथा प्लेटोने शब्दांत सांगण्याआधी बांधकामात सांगून टाकली आहे. प्रत्येक राजा आधीच्या राजाने सजवलेले आणखी सजवत गेला आणि त्याच्यावर ताण करत गेला, असे तो म्हणतो. ऱ्हास अशा स्पर्धेतून सुरू होतो, आणि तो सुरू असताना वैभवासारखाच दिसतो.

मधोमध क्लेइटो आणि पोसायडनचे देऊळ होते. सोन्याच्या भिंतीने वेढलेले, आत कोणी जायचे नाही. शेजारी पोसायडनचे मोठे देऊळ, एक स्टॅडियन लांब आणि ३०० फूट रुंद. अथेन्सचे पार्थेनॉन सुमारे ७० मीटर लांब आणि ३१ मीटर रुंद आहे. म्हणजे हे देऊळ लांबीत त्याच्या अडीचपट आणि रुंदीत जवळजवळ तिप्पट. बाहेरून रुपे, कळसांना सोने, आतल्या छताला हस्तिदंत. आत पंख असलेल्या सहा घोड्यांच्या रथावर उभा देव, त्याचे डोके छताला टेकलेले, भोवती डॉल्फिनवर बसलेल्या शंभर जलकन्या. फिडिअसने पार्थेनॉनमध्ये बसवलेली अथेनाची मूर्ती सोन्याची आणि हस्तिदंताची होती, आणि तिचा खर्च साम्राज्याच्या पैशातून झाला होता. प्लेटोच्या देवळाच्या रूपात काहीतरी परके, रानटी होते, अशी टीपही त्याने घातली आहे. आपल्याच शहराचे वैभव त्याने मोठे करून आणि किंचित विद्रूप करून दाखवले आहे.

पाण्याची व्यवस्था पाहा. गरम आणि थंड झऱ्यांभोवती स्नानगृहे होती. राजांसाठी वेगळी, सामान्य लोकांसाठी वेगळी, बायकांसाठी वेगळी, आणि घोड्यांसाठी व इतर जनावरांसाठीही वेगळी. उरलेले पाणी पोसायडनच्या राईत आणि तिथून पाटांनी बाहेरच्या वर्तुळांना. त्या वर्तुळांवर देवळे, बागा, माणसांच्या व्यायामशाळा आणि घोड्यांच्या वेगळ्या. मोठ्या वर्तुळावर मधोमध एक स्टॅडियन रुंदीचे घोड्यांच्या शर्यतीचे मैदान. पहारेकऱ्यांची घरे कुठे, तेही ठरलेले. साधे पहारेकरी बाहेर, जास्त विश्वासातले वाड्याजवळच्या लहान वर्तुळावर, सर्वांत विश्वासातले खुद्द वाड्यात राजांभोवती. अटलांटिसमध्ये माणसाची किंमत केंद्रापासूनच्या अंतराने मोजता येते.

इतका तपशील आहे. घोड्यांनी कुठे अंघोळ करायची, तेसुद्धा ठरले आहे. आणि या सगळ्या नकाशात माणसांनी एकत्र बसून बोलायची जागा नाही. आगोरा, म्हणजे नगराचा चौक, नाही. सभास्थान नाही. ग्रीक नगर म्हटले की जे पहिल्यांदा डोळ्यांपुढे येते, तेच इथे नाही.

प्लेटोकडून हे नजरचुकीने सुटले असेल, असे मला वाटत नाही. मैदानाचा हिशेब पाहा. नगरामागे ३,००० बाय २,००० स्टॅडियनचे आयताकार मैदान आहे. आपल्या मापात हे महाराष्ट्राच्या जवळजवळ दोन तृतीयांश क्षेत्रफळ होते. त्याभोवती १०,००० स्टॅडियन लांबीचा चर, आत कालव्यांचे जाळे, वर्षाला दोन पिके. हिवाळ्यात पावसावर आणि उन्हाळ्यात कालव्यांवर. मैदानाचे दहा बाय दहा स्टॅडियनचे ६०,००० तुकडे. प्रत्येक तुकड्याला एक नायक, आणि त्या नायकाने युद्धासाठी काय पुरवायचे याची यादी. रथाचा सहावा हिस्सा, दोन घोडे आणि स्वार, आणखी घोड्यांची एक जोडी नि तिच्यासोबत एक लढवय्या व एक सारथी, दोन चिलखती पायदळ, दोन तिरंदाज, दोन गोफणवाले, तीन दगड फेकणारे, तीन भालेफेके आणि चार खलाशी. बेरीज केली तर बारा लाख माणसे होतात. या बारा लाखांची प्लेटोच्या पानांवर दुसरी काही ओळख नाही. ते काय खात, काय गात, कोणाशी भांडत, काही नाही. त्यांचा आकडा तेवढा आहे.

त्यातल्या चार खलाशांपाशी मला थोडे थांबायचे आहे. ६०,००० गुणिले चार म्हणजे २,४०,०००. जहाजे १,२००. दर जहाजाला बरोबर २०० माणसे. आणि २०० हाच अथेन्सच्या त्रिवल्ही युद्धनौकेचा ठरलेला ताफा होता : १७० वल्हेकरी आणि उरलेले खलाशी, तिरंदाज, अधिकारी. नऊ हजार वर्षांपूर्वीच्या, जिब्राल्टरपलीकडच्या बेटाची जहाजे पिरीअस या अथेन्सच्या बंदराच्या गोदीतून निघालेली आहेत. इथे प्लेटोने जणू सही केली आहे.

या १७० वल्हेकऱ्यांचे अथेन्समध्ये काय स्थान होते, हे पाहिल्याशिवाय अटलांटिसच्या नकाशातली ती रिकामी जागा समजत नाही. इ.स.पू. ४८३ च्या सुमारास लॉरिअनच्या खाणीत मोठी चांदी लागली. ती नागरिकांत वाटून टाकण्याऐवजी तिची जहाजे बांधा, हे थेमिस्टोक्लीसने सभेला पटवले. ४८० मध्ये त्या जहाजांनी सॅलॅमिसच्या सामुद्रधुनीत इराणी आरमार मोडले. घोडा किंवा चिलखत विकत घेण्याची ऐपत नसलेला, सोलोनने ठरवलेल्या चार वर्गांतल्या सर्वांत खालच्या वर्गातला माणूस आता नगराचा रक्षक झाला. त्याच्या हातात वल्हे होते म्हणून त्याच्या हातात मतही राहिले. प्निक्स नावाच्या टेकडीवर उघड्या आभाळाखाली सभा भरे. काही ठरावांना सहा हजार नागरिकांची उपस्थिती लागे. पिरीअसला तीन बंदरे होती. हिप्पोडेमसने तिथे चौकोनी आखणीचे नगर बसवले. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातल्या नौदलाच्या नोंदींत ३७२ नौकाशाळा दिसतात.

प्लूटार्कने एक गोष्ट सांगितली आहे. प्निक्सवरचा वक्त्याचा चौथरा पूर्वी समुद्राकडे तोंड करून होता. इ.स.पू. ४०४ मध्ये अथेन्स हरले आणि तीस जुलमी लोकांच्या हाती सत्ता आली, तेव्हा त्यांनी तो चौथरा जमिनीकडे वळवला. कारण त्यांच्या मते सागरी सत्ता ही लोकशाहीची आई होती, आणि शेतकऱ्याला मूठभरांची सत्ता फारशी खुपत नाही. या तिसांचा म्होरक्या होता क्रिटिअस, प्लेटोच्या आईचा चुलतभाऊ. अटलांटिसची गोष्ट ज्याच्या तोंडी घातली तो क्रिटिअस हाच की त्याचा आजोबा, यावर विद्वानांत वाद आहे. घराणे मात्र तेच.

म्हणून प्लेटोने काय केले ते पाहा. त्याला आरमारी अथेन्सवर टीका करायची होती. त्याने पिरीअस घेतले आणि शंभरपट केले. गोद्या घेतल्या, लांब तटबंदी घेतली, सोन्या-हस्तिदंताचा देव घेतला, दोनशेचा ताफाही घेतला. प्निक्स तेवढी घेतली नाही. त्या टेकडीचे नाव 'क्रिटिअस'मध्ये येते, पण ते प्राचीन, सद्गुणी अथेन्सच्या वर्णनात, आणि तिथेही सभेची जागा म्हणून नव्हे. त्या काळी ॲक्रोपोलिस आजच्यापेक्षा कितीतरी पसरलेले होते, इतके की प्निक्स त्याच्या पोटात होती, असे तो म्हणतो. माथ्यावर फक्त योद्धे, एका कुंपणात, सोन्याचांदीला हात न लावता राहणारे. कारागीर आणि शेतकरी उतारांवर. सद्गुणी नगरातही सभा नाही आणि भ्रष्ट नगरातही नाही.

अटलांटिसमध्ये मग निर्णय कसे होतात? दहाही राजांना आपापल्या हद्दीत माणसांवर आणि बहुतेक कायद्यांवर पूर्ण सत्ता होती. कोणालाही शिक्षा करावी, कोणालाही ठार मारावे. राजांच्या आपसातल्या व्यवहाराला मात्र पोसायडनचे नियम होते, ओरिखाल्कोसच्या खांबावर कोरलेले. पाळीपाळीने दर पाचव्या आणि सहाव्या वर्षी ते दहाजण देवळात जमत. तिथे बैल मोकळे फिरत असत. राजांनी एकटे राहायचे, लोखंड वापरायचे नाही, काठ्या आणि फास घेऊन बैल पकडायचा. त्याचा गळा खांबावर कापायचा, रक्त अक्षरांवरून वाहू द्यायचे. मग प्रत्येकाच्या नावाने रक्ताचा एक थेंब द्राक्षारसात टाकायचा, सोन्याच्या पेल्यांनी तो प्यायचा आणि शपथ घ्यायची. अंधार पडून होमाचा अग्नी निवला की गडद निळी वस्त्रे घालून निखाऱ्यांशी जमिनीवर बसायचे, देवळातले सगळे दिवे विझवायचे आणि रात्रभर एकमेकांचा न्याय करायचा. सकाळी उजाडल्यावर निकाल सोन्याच्या पत्र्यावर कोरायचा आणि वस्त्रांसह देवाला वाहायचा.

हे वर्णन मी कितीदा वाचले तरी त्याची जबर छाप पडते. पण त्या खांबावर काय लिहिले आहे ते वाचा. दहा राजांनी एकमेकांवर शस्त्र उचलायचे नाही. एखाद्या नगरात कोणी राजघराणे उलथवायला निघाले तर सगळ्यांनी मदतीला धावायचे. सामाईक बाबी एकत्र ठरवायच्या आणि पुढारपण ॲटलासच्या वंशाला द्यायचे. आणि दहांपैकी निम्म्याहून अधिकांची संमती असल्याशिवाय राजाने आपल्या नातलगाला मारायचे नाही. नातलगाला. बाहेरच्या बारा लाखांपैकी कोणाला मारताना कोणाची संमती लागत नव्हती. हे एका कुटुंबाने कुटुंबासाठी केलेले संविधान आहे.

इथे मला प्लेटोशी भांडायचे आहे. नाशाचे कारण तो असे देतो : राजांमधला देवाचा अंश माणसांत मिसळून मिसळून क्षीण झाला, संपत्तीचे ओझे पेलवेना, हाव शिरली. मला हे कारण पुरेसे वाटत नाही. देवाचा अंश सगळीकडेच क्षीण होतो. अथेन्समध्येही झाला. फरक कुठे पडतो, हे इ.स.पू. ४२७ मधल्या एका प्रसंगातून दिसते आणि तो थ्युसिडिडीसने नोंदवला आहे. मिटिलिनी हे मित्र नगर अथेन्सविरुद्ध उठले. उठाव मोडल्यावर सभेने रागाच्या भरात ठराव केला : तिथले सगळे पुरुष मारा, बायकामुले गुलाम करा. हुकूम घेऊन एक जहाज निघाले. दुसऱ्या दिवशी लोकांना आपण केले ते भयंकर वाटू लागले. सभा पुन्हा भरली, पुन्हा वाद झाला, आणि थोड्या मतांनी आदला ठराव रद्द झाला. दुसरे जहाज पाठवले. त्याचे वल्हेकरी वल्ही न सोडता द्राक्षारसात आणि तेलात कालवलेले जवाचे पीठ खात, पाळीपाळीने झोपत. ते पोचले तेव्हा पहिला हुकूम नुकताच वाचला गेला होता. कत्तल टळली.

अटलांटिसमध्ये हे दुसरे जहाज निघूच शकले नसते. रात्री ठरलेले सकाळी सोन्यावर कोरले जाई.

सभा नेहमीच शहाणी ठरते, असा माझा दावा नाही. याच अथेन्सने ४१६ मध्ये मेलोसवर नेमके तेच केले जे मिटिलिनीवर करायचे टळले होते, आणि तिथे दुसरे जहाज गेले नाही. सिसिलीची स्वारीही सभेनेच उत्साहाने मंजूर केली. ३९९ मध्ये सॉक्रेटिसला विष देणारे न्यायपंच याच समाजातून आले होते. ज्याच्या गुरूला असे मरावे लागले त्या प्लेटोला गर्दीच्या मतावर विश्वास ठेवा असे कोण सांगणार? त्याच्या दुःखाचा मला आदर आहे. पण गर्दी काढून टाकल्यावर नगर सुरक्षित होत नाही, हे त्याच्याच नकाशाने सिद्ध केले आहे.

बुडालेले नगर म्हटले की आपल्याला द्वारका आठवल्याशिवाय राहत नाही. मौसलपर्वातही क्रम असाच आहे. आधी प्रभासक्षेत्री यादव मद्याच्या धुंदीत एरका गवताच्या पात्यांनी एकमेकांना मारतात, आणि मग समुद्र नगर घेतो. समुद्र शेवटी येतो. पण महाभारतात अर्जुन आधी द्वारकेत येतो. बायका, मुले, म्हातारे यांना बाहेर काढतो, वाटेत त्यांच्यावर आभीर हल्ला करतात, त्याचे गांडीव चालत नाही, आणि ती हताश यात्रा कवी टाळत नाही. अटलांटिसमधून कोणीही बाहेर पडत नाही. पडणार कसे, ज्यांना चेहरे नाहीत त्यांना पाय तरी कुठून येणार?

बुडवण्याची कल्पना मात्र प्लेटोला हवेतून सुचली नसावी. इ.स.पू. ३७३ च्या हिवाळ्यात, तो हयात असताना, पेलोपोनीसच्या उत्तर किनाऱ्यावरचे हेलिकी हे नगर भूकंप आणि लाटेने एका रात्रीत गेले. तिथले पोसायडनचे देऊळ ग्रीकांत प्रसिद्ध होते. पोसायडनचे नगर पोसायडनने गिळले, ही बातमी सगळ्या ग्रीसमध्ये पोचली होती.

'क्रिटिअस' अपुरा आहे. झ्यूस देवांची बैठक बोलावतो, ते जमतात, तो बोलायला लागतो आणि वाक्य तिथेच थांबते. प्लेटोने लेखणी का ठेवली याबद्दल अनेक तर्क आहेत. माझ्या मनाला पटतो तो असा, की त्याचे लक्ष शिक्षेवरून दुसऱ्या कामाकडे गेले. नगर कसे बुडते हे सांगून झाले होते. कसे वसवायचे, हे म्हातारपणी त्याला जास्त निकडीचे वाटले असावे. 'लॉज' हा त्याचा अखेरचा ग्रंथ. त्यात क्रीटवर मॅग्नेशिया नावाचे दुसरे कल्पित नगर आहे, आणि ते मला अटलांटिसइतकेच महत्त्वाचे वाटते, जरी त्याच्यावर कोणी चित्रपट काढलेले नाहीत.

तिथे पहिलाच प्रश्न समुद्राचा आहे. नगर किनाऱ्यापासून किती लांब? ८० स्टॅडियन, म्हणजे सुमारे १४ किलोमीटर, असे उत्तर मिळते. बंदर चांगले आहे हे ऐकून प्रमुख वक्त्याला वाईट वाटते. समुद्राचा शेजार रोज गोड वाटतो, पण तो व्यापाराने आणि पैशाने माणसांच्या मनात अविश्वास भरतो. ग्रीकांना चांगले केले ते मॅरेथॉन आणि प्लाटीआच्या जमिनीवरच्या लढायांनी, सॅलॅमिसने नव्हे, असेही तो म्हणतो. सोनेचांदी बाळगायची नाही. घरे ५,०४०, आणि ती संख्या वाढवायची नाही, घटवायची नाही.

पण याच नगरात सभा आहे. ३६० जणांचे मंडळ आहे, नागरिकांनी निवडलेले ३७ कायदारक्षक आहेत, अधिकारी मुदत संपल्यावर हिशेब देतात. अटलांटिसमधली रात्रीची बैठक इथेही आहे, पण ती रोज पहाटे ते सूर्योदय भरते, आणि प्रत्येक वयस्क सदस्याने एका तरुणाला बरोबर आणायचे असते. आणि ज्याने समुद्र १४ किलोमीटर दूर ठेवला, त्यानेच पुढे एक तरतूद केली आहे. पन्नाशी उलटलेल्या, नाव कमावलेल्या नागरिकाला परदेशी पाठवायचे, साठीपर्यंत त्याने हिंडायचे, दुसऱ्यांचे कायदे पाहायचे, चांगली माणसे जिथे भेटतील तिथे त्यांच्याशी बोलायचे. परत आल्यावर थेट त्या पहाटेच्या बैठकीत जाऊन, काय पाहिले ते सांगायचे. चांगल्या आणि वाईट माणसांचा अनुभव नसलेले, एकलकोंडे नगर कधीच पुरते सुसंस्कृत होत नाही, असे कारण प्लेटो देतो. त्या माणसाला जायला जहाज लागणार आणि जहाजाला बंदर लागणार. ते बंदर मॅग्नेशियाला आहे.